मुंगूसची पिशवी

ढवळे सरांची आणि माझी ओळख झडतीत झाली.

मी हिंजवडीतल्या एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत आहे. आत जाणाऱ्यांच्या बॅगा उघडायच्या, काडीनं आतलं थोडं हलवायचं आणि "जा सर" म्हणायचं, हे माझं काम. बॅगेत असून असून काय असतं? लॅपटॉप, डबा, छत्री. कोणी माझ्या तोंडाकडे बघत नाही, मीही कोणाच्या बघत नाही. त्या सकाळी मात्र एका चाळिशी उलटलेल्या माणसाच्या बॅगेतून चामड्याची गुंडाळी निघाली. उलगडून बघितली तर आत ओळीनं खाचा शिवलेल्या, आणि प्रत्येक खाचेत एक वस्तू. वाकड्या टोकाची तार. काडीला बसवलेला बोटभर आरसा. मेणाचा गोळा, तेलाची कुपी, अर्धी जळलेली मेणबत्ती. खडूची पूड भरलेली नळी. आणि सगळ्यात खाली, दोरी बांधलेला लोखंडी आकडा.

मी नवीन होतो. चोर पकडला तर शाबासकी मिळते की चौकशी मागे लागते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. 

"सर, हे काय आहे?"

"चोराचं सामान," ते शांतपणे म्हणाले.

"कोणत्या चोराचं?"

"मुंगूसचं. मी चोर नाही. चोर मुंगूस आहे. तो सध्या झोपलाय."

मागे रांग खोळंबली. आमचे सुपरवायझर खिलारे साहेब धावत आले. ढवळे सरांनी त्यांना समजावलं की हा एक खेळ आहे, चार जण टेबलाभोवती बसतात, एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. खिलारे साहेबांनी आकडा हातात तोलून पाहिला.

"खेळ आहे म्हणता. मग हे खरं लोखंड कशाला?"

"वजन कळायला," ढवळे सर म्हणाले. "तोंडानं काय, माणूस हत्तीसुद्धा उचलतो."

आकडा गेटवर ठेवून घेतला. संध्याकाळी सर तो घ्यायला आले. बोटानं पुसून, उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, "नीट ठेवलात तुम्ही. गंज चढू दिला नाहीत."

एका दिवसात कुठून गंज चढणार? पण गेटवर उभं राहिल्यापासून मला कोणी 'तुम्ही' म्हटलेलं नव्हतं. ते ऐकून मी गडबडलो आणि उगाचच सांगून टाकलं की मी इथं जवळच, जांबे गावात राहतो. निघालं असं की आमची बिल्डिंगही एकच. तळमजल्यावरच्या खोलीत आम्ही सिक्युरिटीवाले एकमेकांच्या पायाशी डोकी करून झोपतो, आणि वरच्या मजल्यावर ढवळे सर एकटे.

"रविवारी ड्यूटी असते?"

"नाही सर, सुट्टी असते."

"मग चोर व्हाल का?"

मी पुसदकडचा. नववीत शाळा सोडलेली. तुमच्या गावापासून लांब, जिथं चहाच्या टपरीवरही तुमच्या बोलण्याला लोक हसतात, तिथं एखाद्या इंजिनिअरनं घरी बोलावलं तर माणूस काय म्हणून बोलावलंय ते विचारत नाही. मी हो म्हणालो.

आईचा फोन आला तेव्हा मी खुशीत सांगितलं, रविवारी मोठ्या साहेबांकडे खेळायला जातो. ती म्हणाली, "बरं झालं बापू. काय होतो तू त्याच्यात?" मी म्हणालो, चोर.  ती हळूच म्हणाली, "काहून रे, राजा नाही होता येत का?"

तर खेळ असा. ढवळे सर सूत्रधार. त्यांनी शिसगाव नावाचं एक शहर मनानं वसवलं होतं. त्या शहराच्या पलीकडे अंधारकोट नावाचा किल्ला, त्या किल्ल्यात दारामागे दार, आणि शेवटच्या दारामागे काय आहे ते फक्त सरांना ठाऊक. निशांत म्हणून जळगावचा एक पोरगा होता, तो लढवय्या. सांगलीची स्नेहल मांत्रिक होती. मुंगूस हा चोर आधी त्यांच्या कोणा मित्राचा होता. तो मित्र बंगळूरला गेला, तेव्हापासून मुंगूस शिसगावच्या धर्मशाळेत झोपून होता. "फार दिवस झोपला बिचारा," सर म्हणाले. "त्याला उठवायला माणूस हवा होता." एवढं बोलून त्यांनी ती चामड्याची पिशवी माझ्यापुढे ठेवली.

पहिल्याच रविवारी मी घोळ घातला. सर म्हणाले, "मुंगूस, पुढे दार आहे. दाराशी पहारेकरी उभा आहे. तू काय करतोस?" खेळात ते मला 'तू' म्हणत, खेळाबाहेर 'तुम्ही', आणि यात त्यांची कधी चूक झाली नाही. मी पहारेकऱ्याचा विचार केला. सकाळपासून उभा असेल. चहा मिळाला असेल की नाही कोण जाणे. मी म्हणालो, "मी रजिस्टरमध्ये नाव लिहितो, सही करतो आणि व्हिजिटर पास मागतो."

निशांत खुर्चीवरून पडायचा राहिला. "भाई, तू चोर है। चोर सही करत नाही." स्नेहल डोळे पुसत होती. माझे कान तापले. उठून निघून जावं असं वाटलं.

सर हसले नाहीत. त्यांनी वीस तोंडांचा फासा उचलून माझ्या हातात दिला. "टाक. पहारेकऱ्याला चोरांची सवय असते. सही करणाऱ्याची नसते. बघू, सोडतो का."

सोडलं. मुंगूस पास घेऊन अंधारकोटाच्या पहिल्या दारातून आत गेला. पुसद सोडल्यापासून माझं एखादं म्हणणं कोणी फासा टाकून तपासून बघावं इतकं मोलाचं धरलं होतं, ते तेव्हा पहिल्यांदा.

ढवळे सरांचं एक पालुपद होतं. "पिशवीत आहे का?" खेळात कोणी म्हणालं की मी तेल घालतो, मी भिंत चढतो, की सर चष्म्यावरून बघत: "पिशवीत आहे का?" नियम असा की आधी फासा टाकायचा, मग पिशवीत हात घालायचा. वस्तू हातात आली तरच काम झालं. नाही आली तर, "पिशवीत नाही ते जगात नाही."

एकदा तटबंदी चढायची होती आणि आकड्याची दोरी तुटली. निशांत म्हणाला, "सर, घोरपड लावू. आपली परंपराच आहे."

"घोरपडीला खायला काय घालशील?"

"किडे वगैरे."

"पिशवीत आहेत का?"

आणखी एकदा कोपऱ्यापलीकडे वाकून बघायचं होतं. मी फासा टाकला तर थेट वीस. विसाला सरांच्या राज्यात अपील नाही, होणार म्हणजे होणारच. मी ऐटीत पिशवीत हात घातला, तर आरसा नाही. खूप शोधाशोध झाली. शेवटी तो सरांच्याच बेसिनवर सापडला. सकाळी त्यांनी स्वतःची दाढ बघायला घेतला होता.

"चूक तुमची आहे सर," स्नेहल म्हणाली. "द्या की ओ."

"चूक कोणाचीही असो. पिशवीत नव्हता." झालं. एका आरशापायी आम्ही सगळे अंधारकोटातून माघारी शिसगावच्या बाजारात. जायला एक रविवार गेला, यायला एक.

हे फक्त खेळापुरतं असतं तर एक वेळ ठीक. जांबेला वीज जाते तशी एका संध्याकाळी गेली. घरमालकीण काकी जिन्यात चाचपडत होत्या. सर आपल्या खोलीच्या दारात उभे, हातात पिशवी.

"ढवळे, मेनबत्ती हाय का रं तुज्याकडं?"

"माझ्याकडे नाही काकी."

"मग त्या पिशवीत काय हाय? परवा तर बगितली म्या."

"ती मुंगूसची आहे. त्याला पाचव्या दाराशी लागणार आहे."

 काकींनी मग अंधारातच मला हाक मारली. "आरं ए मुंगूस, सांग की ह्या येड्याला, म्हनावं पेटव." मी परवानगी दिली. मगच मेणबत्ती पेटली, आणि रविवारी जेवढी जळाली तेवढी कमी धरली गेली.

पण काकींचा जीव होता त्यांच्यावर. म्हणूनच त्यांच्या पेटीची किल्ली हरवली तेव्हा त्यांनी चावीवाल्याला न बोलावता वरच्या मजल्याकडे तोंड केलं. "ढवळ्याला बलवा. त्याच्यापाशी सगळी हत्यारं हायेत." दुपारची वेळ. आमच्या खोलीतले सगळे, शेजारच्या बाया, सगळे गोळा झाले. सर पिशवी घेऊन आले, पेटीपुढे गुडघ्यावर बसले, पिशवी उलगडली.  त्यांनी तार घातली. कान कुलपाला लावला. तेलाचा थेंब सोडला. तार उलटी करून घातली. पुन्हा कान लावला. बायांनी उभ्या उभ्या भाजी निवडायला घेतली. सरांच्या मानेवरून घाम ओघळला, कुलूप मात्र ढिम्म.

"तुज्याच्यानं व्हतंय का न्हाई?" काकींनी विचारलं.

"खेळात फासा असतो," सर खालच्या आवाजात म्हणाले.

काकी आत गेल्या, वरवंटा आणला आणि एका घावात कुलूप उडवलं. "लई मोठा चोर," त्या म्हणाल्या, आणि सगळे हसत पांगले.

मी सामान गोळा करायला थांबलो होतो. सर तिथंच बसून राहिले. वरवंट्याकडे बघत म्हणाले, "तो पिशवीत नव्हता." मग जरा वेळानं म्हणाले, "मी आजवर एकही कुलूप उघडलेलं नाही, गजानन. एकसुद्धा नाही."

अंधारकोटाला आधी पाच दारं होती म्हणे. मी आलो तोवर सात झाली होती. आम्ही सातव्याशी पोचलो तर त्याच्या आत आणखी एक निघालं. स्नेहल म्हणायची, "काय ओ सर, किल्ला बांधताय का फोडताय?" सर म्हणायचे, जुन्या बांधकामाचं काही सांगता येत नाही.

मग माणसं कमी व्हायला लागली. निशांतला त्याच्या कंपनीनं एका बैठकीत सांगून टाकलं की उद्यापासून येऊ नको. तो जळगावला गेला, मग फोनवर जरा वेळ गोष्टीत राहिला, मग फोनही थांबला. मला वाटलं, सर त्याचा लढवय्या मारतील. गोष्टीत मारायला काय लागतं, दगड पडला म्हणायचं. पण पुढच्या रविवारी खेळ सुरू करताना सर म्हणाले, "लढवय्या धर्मशाळेत झोपला आहे. त्याच्या घोड्याला चारा घातला आहे. त्याला ताप नाही."

आणि हे दर रविवारी. आधी धर्मशाळेची हजेरी, मग गोष्ट.

स्नेहलचं लग्न ठरलं, नवरा नागपूरचा. शेवटच्या दिवशी ती सरांना म्हणाली, "सर, माझ्यासाठी एक करा. आता नवीन दार काढू नका. हे शेवटचं. मुंगूसला पोचू दे एकदाचं." सरांनी तिला शब्द दिला. पुढच्या रविवारी मांत्रिकही धर्मशाळेत झोपली होती. तिच्या उशाशी पाणी ठेवलेलं होतं.

राहिलो आम्ही दोघं. एक सांगणारा, एक चोर.

त्यानंतरच्या एका सकाळी सर गेटवर आले. मी बॅग बघितली, "जा सर" म्हणालो. त्यांनी कार्ड लावलं. दिवा लाल झाला. पुन्हा लावलं. लाल. कार्ड सदऱ्याला पुसून लावलं. मागे रांग वाढत होती. खिलारे साहेबांनी आतून फोन आल्याचं मला खुणेनं सांगितलं. मला फक्त एवढंच करायचं होतं, "सर, जरा बाजूला उभे राहा" म्हणायचं. ते मी म्हणालो.

ते लगेच बाजूला झाले. आडव्या दांड्याकडे नीट वाकून बघितलं, जसे काकींच्या पेटीकडे बघत होते तसे.

"याला तार चालत नाही," म्हणाले आणि रिक्षाच्या दिशेनं चालत गेले. माझी ड्यूटी संध्याकाळपर्यंत होती. मला त्यांच्या मागे जाता आलं नाही.

त्यांची बहीण लातूरला असते. तिचे फोन येऊ लागले. खोली सोड, इकडे ये, एकट्यानं तिथं काय करतोस. वर गेलो की मला त्यांचं बोलणं ऐकू यायचं. "येतो गं. एक गोष्ट चालू आहे. ती संपली की येतो." तिला वाटत असावं, कामाचंच काही असेल.

मला मात्र कळून चुकलं होतं. दार उघडलं की गोष्ट संपणार, गोष्ट संपली की सर जाणार. लातूरला बहिणीच्या हॉलमध्ये भाच्यांच्या अभ्यासाच्या टेबलाशी बसून राहणार. तिथं त्यांना पिशवीत आहे का असं कोणी विचारू देणार नाही. आणि मी खालच्या खोलीत कोणाच्या तरी पायाशी डोकं ठेवून सगळा रविवार छताकडे बघत काढणार. रोज गेटवर उभा राहून मी हाच विचार करायचो. यातून सुटायला काही सुचत नव्हतं. स्नेहलला दिलेला शब्द सर मोडणार नव्हते, आणि फासा कोणाच्या बापाचा नसतो.

मागच्या रविवारी दुपारी मी वर गेलो तर खोली आवरलेली होती. पुस्तकं खोक्यात भरलेली. टेबल तेवढं जागेवर होतं, त्यावर चार बशा, दोन रिकाम्या. सरांनी हजेरी घेतली. लढवय्या झोपला आहे, ताप नाही. मांत्रिक झोपली आहे, पाणी ताजं आहे. घोडा बरा आहे.

"मुंगूस, तू शेवटच्या दारापुढे आहेस. आजूबाजूला कोणी नाही. दाराला एकच कुलूप आहे. तू काय करतोस?"

बघतो, म्हणालो मी. दार कसलं आहे ते विचारलं. सागवानी. कडी कसली? लोखंडी. वाळवी आहे का? नाही. वारा आहे का? सर सगळ्याची उत्तरं देत होते, हळू, नीट. शेवटी विचारायला काही उरलं नाही.

"टाक," ते म्हणाले.

मी हात झटकून, शक्य तितका वाईट फासा टाकला. तो टेबलाच्या कडेपर्यंत घरंगळला, रिकाम्या बशीला आपटला आणि थांबला.

वीस.

खालून काकींच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. सर फाशाकडे बघत होते. चष्मा काढून त्यांनी पुसला आणि परत घातला, तरी वीसच होते. विसाला अपील नाही, हा नियम त्यांचाच.

"छान," ते म्हणाले. आवाज कोरडा निघाला. "उघडणार. कशानं उघडतोस?"

मी पिशवी जवळ ओढली. तार तिच्या खाचेत होती. इतके रविवार हाताळून ती माझ्या बोटांना डोळे मिटूनही सापडते. मी तिच्यावर बोट ठेवलं, आणि मुंगूसनं मला जे काही शिकवलं होतं ते सगळं त्या एका हातात आणलं. तार तळव्यात, तळव्यातून बाहीत. सिक्युरिटीच्या नोकरीत असून आयुष्यातली पहिली चोरी मी तिथं केली, मालकाच्या डोळ्यांदेखत.

"तार नाही सर."

"नीट बघ."

मी खाच उघडून दाखवली. ती रिकामी होती. सरांनी खाचेकडे बघितलं. मग माझ्या बाहीकडे. ती तार त्यांनी स्वतः वाकवली होती, तिची लांबी त्यांना ठाऊक, आणि माझ्या मनगटाशी सदरा कुठं उचलला गेला आहे हे त्यांना दिसत नसेल असं मी म्हणणार नाही.

"पिशवीत आहे का?" त्यांनी पुन्हा विचारलं, पण या वेळी ते फार हळू होतं.

"नाही सर."

ते खुर्चीत मागे टेकले. खोक्यांकडे बघितलं. दाराकडे बघितलं, म्हणजे खोलीच्या. बराच वेळ त्यांनी तोंडावरून हात फिरवला.

"मग जगात नाही," ते म्हणाले. "बाजारात जावं लागेल."

"लांब आहे का?"

"लांब आहे. नदीला पाणी आलंय. एका रविवारात नाही व्हायचं." मग त्यांनी रिकाम्या बशांपैकी एक उगाच सरळ केली. "वाटेत धर्मशाळा लागेल. त्यांची विचारपूस करून जाऊ."